बिल भरायला एक टिचकी, विचारायला पाऊण तास

पेशंट पोर्टलवरचं सगळ्यात सोपं काम कुठलं? डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळवणं? छे. ब्लड टेस्टचा रिपोर्ट समजून घेणं? अजिबात नाही. सगळ्यात सोपं काम म्हणजे पैसे भरणं. फोनवर मेसेज येतो, ‘तुमचं नवीन स्टेटमेंट तयार आहे’. लिंकवर टिचकी मारायची, कार्ड आधीच सेव्ह केलेलं असतं, की झालं. बऱ्याच ठिकाणी तर लॉगिनसुद्धा लागत नाही, स्टेटमेंटवरचा नंबर आणि जन्मतारीख टाकली की पुरे. म्हणजे बघा, स्वतःचा रिपोर्ट बघायला पासवर्ड, वर ओटीपी. आणि पैसे द्यायला मात्र दार सताड उघडं!

इथे अमेरिकेत आल्यावर देशी माणूस पहिल्या वर्षात ज्या गोष्टींनी चक्रावतो त्यात टॅक्स रिटर्नच्या खालोखाल मेडिकल बिलाचा नंबर लागतो. पुण्या-मुंबईत हिशेब निदान डोळ्यांसमोर व्हायचा. हॉस्पिटलात जाताना डिपॉझिट भरायचं, निघताना काउंटरवर बिल घ्यायचं. मग घरातला एखादा काका नाहीतर मामा त्या काउंटरवर वाकून विचारायचा, "ओ साहेब, हे ग्लोव्हज बारा जोड कसे काय लागले?" कधी उत्तर मिळायचं, कधी वाद व्हायचा, कधी हजार-पाचशे कमी व्हायचे. त्या पद्धतीचं गुणगान करायची माझी इच्छा नाही. बिल चुकतं होईपर्यंत ज्यांचा डिस्चार्ज अडवला गेला त्यांना विचारा. पण एक होतं, पैसे घेणारा आणि प्रश्न ऐकणारा एकाच खिडकीत बसलेला असायचा.

पोर्टलने नेमके या खिडकीचे दोन तुकडे केले. पैसे घेणारा तुकडा चोवीस तास उघडा. प्रश्न ऐकणारा तुकडा सोमवार ते शुक्रवार, ऑफिसच्या वेळात, आणि तिथे ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं दर दोन मिनिटांनी सांगणारी बाई आणि तीच ती ट्यून. माझा ऑनलाइन पैसे भरण्याला विरोध नाही हो. चेक लिहा, पाकीट शोधा, स्टँप चिकटवा, यात कुणाला गोडी आहे? माझं म्हणणं एवढंच आहे की पोर्टलवर दिसणारा आकडा हा फक्त हॉस्पिटलचा दावा आहे. तो तपासायची सोय पैसे भरायच्या बटणाला खेटून असली पाहिजे. आणि ती नसेल तर ते बटण दाबायची घाई आपण करू नये.

आता जरा आपल्या धंद्यातली गोष्ट. हॉस्पिटल इन्शुरन्स कंपनीला जो इलेक्ट्रॉनिक क्लेम पाठवतं त्या फाइलचा फॉरमॅट ठरलेला आहे, त्याला ८३७ म्हणतात. कंपनीकडून हॉस्पिटलला जे उत्तर येतं ते ८३५. १९९६ च्या हिपा कायद्यामुळे देशभर हे ठरावीक फॉरमॅट वापरावे लागले. ८३५ मध्ये लिहिलेलं असतं की हॉस्पिटलने किती मागितले, कंपनीने किती दिले आणि उरलेल्याचं काय करायचं. या उरलेल्या रकमेला दोन अक्षरी कोड लागतो. ‘सीओ’ म्हणजे हॉस्पिटल आणि कंपनी यांच्या करारात बसणारा भाग. तो हॉस्पिटलने सोडून द्यायचा, पेशंटकडे मागायचा नाही. ‘पीआर’ म्हणजे पेशंटने द्यायचा भाग. त्यातही पीआर-१ म्हणजे डिडक्टिबल, पीआर-२ म्हणजे कोइन्शुरन्स, पीआर-३ म्हणजे कोपे.

समजा, नेटवर्कमधल्या हॉस्पिटलने ६०० डॉलर लावले आणि करारातला दर २२० आहे. मग ३८० डॉलर सीओ-४५ मध्ये गेले. तुमचा डिडक्टिबल अजून संपला नसेल तर २२० पीआर-१ मध्ये. तुम्ही देणं लागता २२०. सहाशे नाही.

हाच हिशेब माणसाला वाचता येईल अशा भाषेत इन्शुरन्स कंपनी आपल्यालाही पाठवते. त्याला ‘एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स’, म्हणजे ईओबी म्हणतात. त्यावर ठळक अक्षरात ‘हे बिल नाही’ असं छापलेलं असतं, त्यामुळे निम्मी जनता तो न उघडताच टाकून देते. गंमत बघा, ‘मी बिल नाही’ म्हणणारा कागद सगळा हिशेब सांगतो, आणि बिल म्हणून मिरवणाऱ्या पानावर बहुतेक वेळा एकच मोठ्ठा आकडा आणि खाली बटण! म्हणजे कोड हॉस्पिटलच्या सिस्टीममध्ये येऊन पडलेले असतात, डेटाबेसमध्ये कॉलम असतो, फक्त स्क्रीनवर आणलेला नसतो. आपल्यापैकी ज्यांनी चार वर्षं कोड लिहिलाय त्यांना माहीत आहे की अशी गोष्ट बग नसते. कुणीतरी मीटिंगमध्ये तिची प्रायॉरिटी खाली टाकलेली असते.

यातून होतं काय? माझ्या टीममधल्या एका नागपूरकराने जानेवारीत नोकरी बदलली, त्याबरोबर इन्शुरन्सही बदलला. हॉस्पिटलकडे जुनाच मेंबर आयडी राहिला. क्लेम जुन्या कंपनीकडे गेला, तिने नाकारला, आणि पोर्टलवर पूर्ण रक्कम त्याच्या नावावर येऊन बसली. तीन फोन आणि एकूण पाऊण तास होल्डवर घालवल्यावर क्लेम नव्या कंपनीकडे गेला आणि त्याच्या वाट्याला मूळ रकमेच्या पावपेक्षाही कमी आली. तीच मूळ रक्कम भरायला त्याला अर्धं मिनिट पुरलं असतं. आणि भरली असती तर? खातं शून्यावर, सिस्टीमच्या दृष्टीने सगळं आलबेल. क्लेम पुन्हा पाठवायची गरज कुणालाच वाटली नसती. त्यात क्लेम पाठवायलाही मुदत असते, ती उलटली की नवी कंपनीही हात वर करते. पोर्टलने त्याला खोटं काहीच सांगितलं नव्हतं. फक्त ‘क्लेम नाकारला गेलाय, इन्शुरन्स तपासा’ ही एक ओळ दाखवली नव्हती.

बरं, ईओबी जुळला म्हणजे सगळं बरोबर, असंही नाही. वर्षातून एकदाची तपासणी बहुतेक प्लॅनमध्ये फुकट असते. अठरा ते एकोणचाळीस वयाच्या जुन्या पेशंटसाठी तिचा कोड आहे ९९३९५. आता त्याच भेटीत तुम्ही सहज म्हणालात, "डॉक्टर, गुडघा जरा दुखतोय हो," आणि त्यावर वेगळी तपासणी झाली, तर सोबत ९९२१३ सारखा साध्या भेटीचा कोड लागू शकतो, आणि त्याचे पैसे पडतात. कधी ते रास्त असतं, कधी नसतं. पण ठरवायचं तर कोडवार बिल हातात हवं, आणि पोर्टलवरच्या एका आकड्यात ते कुठे दिसतं? इमर्जन्सीत गेलात तर अजून मजा. हॉस्पिटल, डॉक्टर, एक्स-रे वाचणारा रेडिऑलॉजिस्ट, सगळ्यांची बिलं वेगवेगळ्या पत्त्यांवरून येऊ शकतात. एका पोर्टलवर शून्य दिसलं म्हणून सुटलो असं नाही.

मग आपण प्रश्न न विचारता भरतो का? मला वाटतं, आपल्या बाबतीत याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे संस्कार. ‘कुणाचं देणं अंगावर ठेवू नये’ हे ऐकत आपण मोठे झालो. स्टेटमेंटवर लाल अक्षरात ‘देय’ दिसलं की पोटात गोळा येतो, आणि भरून टाकलं की कसं मोकळं मोकळं वाटतं. चांगलाच संस्कार आहे तो, पण त्यात ‘देणं’ म्हणजे आधी खरंच असलेलं देणं! वाण्याची वही महिनाअखेरीला आई बोट ठेवून ठेवून तपासायची आणि मगच पैसे द्यायची. तिला कुणी बुडवी म्हटलं नाही.

दुसरं कारण भीती. व्हिसावर राहणाऱ्याला वाटतं, बिल राहिलं की क्रेडिट स्कोअर गेला, मग घर नाही, गाडी नाही, पुढे ग्रीन कार्डचं काय होईल कोण जाणे. तर थोडी माहिती देतो. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट कंपन्यांनी जुलै २०२२ पासून भरून झालेली मेडिकल थकबाकी रिपोर्टमधून काढली, आणि न भरलेली एक वर्ष होईपर्यंत दाखवायची नाही असं ठरवलं. एप्रिल २०२३ पासून ५०० डॉलरखालची थकबाकीही काढली. सगळीच मेडिकल थकबाकी रिपोर्टमधून काढण्याचा सरकारी नियम जानेवारी २०२५ मध्ये आला होता, पण तो जुलै २०२५ मध्ये टेक्सासच्या कोर्टाने रद्द केला. तेव्हा बिलाकडे दुर्लक्ष करा असं मी मुळीच म्हणत नाहीये. मोठं बिल वर्षानुवर्षं पडून राहिलं तर त्रास होतोच. पण आज मेसेज आला आणि आज रात्रीच भरलं नाही तर आभाळ कोसळतं, हेही खरं नाही. विचारायला वेळ असतो.

आणि विचारायचा हक्कही असतो. हिपानुसार तुमच्या वैद्यकीय रेकॉर्डमध्ये बिलिंगचं रेकॉर्डही येतं. ते तुम्ही मागू शकता आणि साधारण ३० दिवसांत ते मिळायला हवं. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या ‘नो सर्प्रायझेस’ कायद्यानुसार इमर्जन्सीत, किंवा नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात नेटवर्कबाहेरचा डॉक्टर आला म्हणून, तुमच्या माथी जादा रक्कम मारता येत नाही. (रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स मात्र यातून सुटली आहे, ते लक्षात ठेवा.) इन्शुरन्स नसलेल्याला आधी ठरवून घेतलेल्या उपचाराचा लेखी अंदाज मिळायला हवा, आणि बिल त्याच्या ४०० डॉलर किंवा जास्त वर गेलं तर दाद मागता येते. ना-नफा तत्त्वावरच्या हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. पहिल्या बिलापासून १२० दिवस त्यांना कोर्टकचेरीसारखे कडक वसुलीचे उपाय करता येत नाहीत, आणि मदतीचा अर्ज २४० दिवसांपर्यंत घ्यावा लागतो.

ही यादी आई-बाबांना सहा महिन्यांसाठी बोलावणाऱ्यांनी तर जरूर वाचावी. व्हिजिटर इन्शुरन्सच्या स्वस्त प्लॅनमध्ये प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम मिळते, बाकीची आपली. वडिलांच्या छातीत दुखलं म्हणून एक रात्र हॉस्पिटलात काढली की पाच आकडी बिल यायला वेळ लागत नाही. त्या वेळी मुलगा काय करतो? वडिलांना कळू नये म्हणून गुपचूप पोर्टलवर जातो आणि कार्ड काढतो. त्यालाच तिथे ‘१२ महिने बिनव्याजी’ असं दुसरं बटण दिसू शकतं. हप्ते थेट हॉस्पिटलचे असतील तर उत्तम. पण ते बाहेरच्या कंपनीचं कार्ड असेल तर बारीक अक्षरं वाचा. अशा कार्डांत बऱ्याचदा मुदतीत शेवटचा डॉलर राहिला तर पहिल्या दिवसापासूनचं व्याज लागतं. मदतीच्या अर्जाची लिंक मात्र त्याच पानाच्या तळाशी, बारीक करड्या अक्षरात. ज्या घडीला माणूस सगळ्यात घाबरलेला असतो, त्याच घडीला त्याच्यासमोर कुठलं बटण ठळक ठेवायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं.

हॉस्पिटलवाले म्हणतील, प्रश्नाचं बटण ठेवलं तर लोक पैसे द्यायचं टाळतील. टाळणारे आजही टाळतातच की. आणि ज्याला हिशेब कळतो तो जास्त निमूटपणे भरतो, हा वाण्याचा शेकडो वर्षांचा अनुभव आहे. काही पोर्टलवर कोडवार बिल मागायची सोय आहेही, पण तीन मेनू आत. ती फक्त बाहेर आणायची आहे. ‘भरा’च्या शेजारी तेवढ्याच आकाराचं ‘हिशेब दाखवा’, क्लेमची स्थिती सांगणारी एक ओळ आणि मदतीच्या अर्जाची सरळ लिंक. आपल्यापैकी कितीतरी जण हेल्थकेअर प्रोजेक्टवर आहेत. आपल्याच टीममधलं कुणीतरी ही स्क्रीन बनवतं. पुढच्या स्प्रिंट प्लॅनिंगला हा विषय काढायला कुणाची परवानगी लागत नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपला नियम साधा ठेवा. ईओबी आल्याशिवाय भरायचं नाही. ईओबीवर ‘तुम्ही देणं लागता’ लिहिलेला आकडा आणि पोर्टलवरचा आकडा जुळला नाही तर भरायचं नाही. जुळला पण पटला नाही तर कोडवार बिल मागायचं, तेही पोर्टलच्या मेसेजमधून, म्हणजे तारखेसकट लेखी राहतं. उत्तर येईपर्यंत खातं थांबवून ठेवा असं त्याच मेसेजमध्ये लिहायचं. आणि सेव्ह केलेलं कार्ड काढून टाकायचं. सोळा आकडे हाताने टाईप करायला लागले की माणूस दोन मिनिटं थांबतो, आणि तेवढ्यात ईओबी उघडून होतो :-)