रबाळेकरांनो, सही करण्याआधी नकाशा मागा

रबाळे गावठाणातले घरमालक, त्यांच्या खोल्यांत राहणारे भाडेकरू, एमआयडीसीच्या बाजूच्या आंबेडकरनगर, भीमनगर आणि कातकरी पाड्यातली कुटुंबं आणि परिसरातल्या जुन्या सोसायट्यांचे सभासद, हे आवाहन तुम्हा सगळ्यांना आहे. विनंती एकच. पुनर्विकासाचं संमतीपत्र पुढ्यात आलं, तर संपूर्ण वस्तीची मांडणी दाखवणारा नकाशा हातात पडेपर्यंत त्यावर सही करू नका, अंगठाही उठवू नका. तो नकाशा मिळाला की तुम्ही स्वतः काढलेला नकाशा त्याच्या शेजारी ठेवा. दोन्हींत काय जुळतं आणि काय गायब झालंय ते सगळ्यांनी मिळून पाहा. मगच पुढचं बोला.

एवढा आग्रह कशाला, असं कुणी विचारेल. सोसायटीच्या पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती पुरते. झोपडपट्टी पुनर्वसनातही गाडी 51 टक्क्यांवरच येऊन थांबते. म्हणजे शंभर घरांच्या वस्तीत एकावन्न जणांनी रविवारी संध्याकाळी मंडपात चहा घेता घेता सह्या केल्या, की उरलेल्या एकोणपन्नास घरांचा पुढच्या पन्नास वर्षांचा शेजार ठरून जातो. सही मागायला येणारा माणूस तीन आकडे सांगतो: घर किती चौरस फुटांचं, ते मिळेपर्यंतचं भाडं किती, कॉर्पस म्हणजे एकरकमी निधी किती. हे आकडे महत्त्वाचेच आहेत, त्यांवर जरूर भांडा. पण दोन इमारतींमध्ये अंतर किती, पहिल्या मजल्यावर ऊन येणार का, अंगणवाडी कुठे, म्हातारी माणसं बसणार कुठे, हळदीचा मांडव पडणार कुठे, हे तो सांगत नाही, कारण कुणी विचारतच नाही.

न विचारण्याची किंमत किती होते ते पाहायला लांब जायला नको. वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्द-गोवंडीत लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड आहे. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत उठवलेल्या हजारो कुटुंबांना तिथे पक्की घरं मिळाली. संडास घरात आला, छत गळायचं थांबलं. पण इमारती जेमतेम तीन मीटरच्या अंतरावर उभ्या केल्या आणि त्याही सात-आठ मजली. खालच्या घरांत दिवसा दिवे लावावे लागतात. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांसोबत तिथे पाहणी केली, तेव्हा क्षयरोगाचा संबंध थेट इमारतींच्या मांडणीशी लागला. जिथे ऊन आणि वारा पोचत नाही, त्या खालच्या मजल्यांवर आजार जास्त. त्याच भागातली पीएमजी कॉलनी जास्त मोकळ्या अंतराने बांधलेली, तिथे त्याचं प्रमाण खूपच कमी. माणसं त्याच आर्थिक परिस्थितीतली, खाणंपिणंही साधारण तेच, फरक पडला तो दोन भिंतींमधल्या जागेचा. ज्यांनी त्या घरांच्या चाव्या आनंदाने घेतल्या त्यांना मांडणीचा नकाशा कुणी समजावून सांगितला असेल, असं मला वाटत नाही.

आता उलट दिशेला चला, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. सीबीडी बेलापूरच्या सेक्टर 8 मध्ये आर्टिस्ट व्हिलेज आहे. चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी ते 1983 ते 1986 या काळात उभारलं. मार्च 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोचे कोरिया सुरुवातीच्या वर्षांत मुख्य वास्तुविशारद होते. खाडीपल्याड नवं शहर वसवावं ही कल्पना त्यांनी शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांच्यासोबत 1965 सालीच ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली होती. बेलापूरला त्यांनी केलेली गोष्ट कागदावर फार साधी दिसते. सात घरं एका अंगणाभोवती, अंगण साधारण आठ मीटर बाय आठ मीटर. अशी तीन अंगणं जोडून एकवीस घरं आणि त्यांच्यामध्ये जरा मोठा चौक. असं वाढत वाढत सुमारे 550 कुटुंबं. भूखंड 45 ते 75 चौरस मीटरचे, म्हणजे गरीब आणि बऱ्या घरच्या माणसाच्या जागेत फार तफावत नाही. मुख्य म्हणजे एका घराची भिंत दुसऱ्याच्या भिंतीला लागलेली नाही. त्यामुळे पैसा हाती आला की शेजाऱ्याची परवानगी न काढता घर वाढवता येतं.

आज तिथे गेलात तर कोरियांनी बांधलेली उतरत्या कौलारू छपरांची घरं शोधावी लागतात. लोकांनी ती पाडली, मजले चढवले, गुळगुळीत टाइल्स लावल्या, लोखंडी गेट बसवली. वास्तुकलेचे काही जाणकार याबद्दल हळहळतात. मला त्यात हळहळण्यासारखं फार दिसत नाही. घरं बदलली, पण कितीतरी ठिकाणी अंगणं टिकली. मुलं खेळतात, बायका बोलत बसतात, गणपती बसतो. ज्या गोष्टी एकट्याच्या मालकीच्या होत्या त्या मालकाने हव्या तशा बदलल्या. सात घरांची मिळून जी गोष्ट होती, ती बदलायला सातांचं एकमत लागलं असतं आणि ते बहुधा कधी झालंच नाही. रबाळ्याने घ्यायचा धडा हाच आहे. सामायिक जागा नकाशावर पक्की झाली, तर ती टिकते. नकाशावर नसली, तर पहिल्या पावसाळ्याआधी तिथे कुणाच्या तरी गाड्या उभ्या राहतात.

रबाळ्याच्या बाबतीत मात्र उलटंच झालं. आधी एमआयडीसीने आणि मग सिडकोने या पट्ट्यातल्या जमिनी घेतल्या. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी गेल्या. शेती गेली, मिठागरं गेली, खाडीवरची मासेमारी कारखान्यांच्या सांडपाण्याने हळूहळू आटली. जानेवारी 1984 च्या आंदोलनात प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे हजारो माणसं उतरली, पाच जण हुतात्मे झाले, त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळण्याचा हक्क मिळाला. शहराचे सेक्टर आखले गेले, प्रत्येक सेक्टरला बाग, शाळा, बाजार. गावठाणं मात्र जुन्याच हद्दीत कोंबली गेली. पोरांची लग्नं झाली, नातवंडं आली, गावठाणाचा विस्तार वेळेवर झाला नाही. मग माणसांनी गरजेपोटी वर बांधलं, बाजूला बांधलं. पुढे ठाणे-वाशी लोकल सुरू झाली, एमआयडीसीतल्या कामगारांना खोल्या हव्या होत्या, आणि गरज संपून भाड्याचं गणित कधी सुरू झालं ते अनेक घरांना स्वतःलाही सांगता येणार नाही.

ही बाजू लपवून आवाहन करण्यात अर्थ नाही. आज गावठाणातल्या कितीतरी बोळांत अग्निशमन बंब शिरू शकत नाही. खिडकीतून हात बाहेर काढला की शेजारची भिंत लागते. तेव्हा पुनर्विकास नको, असं मी म्हणत नाही. तो हवा आहे आणि लवकर हवा आहे. पण बोळ रुंद करण्याच्या निमित्ताने ओटे, पार आणि तलावाचा काठ गेला, तर हाती फक्त अंतर वाढवून ठेवलेल्या इमारती येतील.

म्हणून स्वतःचा नकाशा काढा. त्याला इंजिनीअर लागत नाही. जाड कागदाचा रोल, मोजपट्टी, रंगीत पेनं आणि एक मोकळा रविवार पुरतो. नेहमी सभेत बोलणाऱ्या पुरुषांना त्या दिवशी थोडं मागे बसवा. बायकांना विचारा: पाण्याची वेळ झाली की कुठे उभ्या राहता? पापड, मिरच्या, सुकी मासळी कुठे वाळवता? रात्री शौचालयाला जाताना कोणती वाट टाळता? मुलांना विचारा की शाळेतून येताना ती कुठे थांबतात. म्हाताऱ्यांना विचारा की दुपारी सावली कुठे असते. लग्नातल्या हळदीला मांडव कुठे पडतो आणि लग्नगीतं गाणारी धवलारीण कुठे बसते, हेही कागदावर येऊ द्या, कारण आगरी घरातल्या हळदीला गाव येतं आणि तेवढी माणसं इमारतीच्या पोर्चमध्ये मावत नाहीत. आंबेडकरनगरात चौदा एप्रिलची मिरवणूक कुठून निघते, बुद्धविहारासमोर किती जागा लागते, ते लिहा. कातकरी पाड्यातल्या माणसांना लाकूडफाटा, कोंबड्या, अवजारं ठेवायला जागा लागते. सातव्या मजल्यावर ती मिळणार नाही, मग कुठे मिळणार, हे आत्ताच विचारायला हवं.

भाडेकरूंना या कामातून वगळू नका. योजनेच्या कागदांवर त्यांची सही लागत नाही, म्हणून त्यांचं कुणी ऐकत नाही. पण वस्तीतली अर्धी मुलं त्यांची आहेत, किराणा दुकान त्यांच्यावर चालतं आणि कारखान्यातली रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या माणसाला खिडकीखालच्या आवाजाबद्दल जे कळतं ते इतरांना कळत नाही.

नकाशा झाला की घर जमिनीवर आखून पाहा. झोपडपट्टी पुनर्वसनातलं 300 चौरस फुटांचं घर ऐकायला मोठं वाटतं. शाळेच्या मैदानावर चुन्याने त्या मापाच्या रेघा ओढा. त्यात खरोखरची खाट, कपाट, शिलाई मशीन आणि गॅसची शेगडी ठेवा, पाच माणसं उभी करा. हे काही नवं नाही. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी 1980 च्या दशकात हेच केलं होतं. 1984 साली स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ संस्थेच्या साथीने त्यांनी आधी स्वतःची गणना केली, ‘महिला मिलन’ उभं केलं, मग बांबू आणि साड्या लावून खऱ्या मापाची घरं उभारली आणि आत वावरून पाहिलं. त्यांतून त्यांनी ठरवलं की खोलीची उंची चौदा फूट हवी, म्हणजे पोटमाळा काढता येईल, कारण कुटुंब वाढतं आणि जमीन वाढत नाही. कोणत्याही वास्तुविशारदाने मान डोलवावी असा हा निर्णय. अक्षरओळख नसलेल्या बायकांनी तो घेतला होता.

याच महिला मिलनच्या बायका पुढे पुण्यात येरवड्याला दिसतात. 2009 च्या सुमारास केंद्राच्या शहरी गरिबांसाठीच्या योजनेतून तिथल्या काही वस्त्यांत घरं जागच्या जागी बांधली गेली, वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांच्या मदतीने. वस्ती सपाट करून टॉवर उभे केले नाहीत. ज्यांची घरं आधीच पक्की होती ती तशीच ठेवली, कच्ची पाडून त्यांच्याच जागी साधारण 270 चौरस फुटांची बांधली. गल्ल्या राहिल्या, शेजारी राहिले. प्रत्येक कुटुंबाने खर्चाचा दहा टक्के वाटा उचलला आणि घराचा नमुना स्वतः निवडला. काम रखडलं, कंत्राटदारांशी वाद झाले, सगळं गोड नव्हतं. पण गरिबांच्या वस्तीला टॉवरशिवाय पर्याय नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर येरवड्याचं नाव घ्या.

आता तुमच्या नकाशावरून मागण्या काढा आणि त्या लिहून द्या. तोंडी आश्वासन घेऊ नका. दोन इमारतींमधलं अंतर मीटरमध्ये लिहून मागा आणि हिवाळ्यात दुपारी बाराला तळमजल्यावर ऊन येतं का, ते दाखवायला सांगा. प्रत्येक मजल्यावर बसता येईल एवढा रुंद व्हरांडा मागा. अंगणवाडी, दवाखाना आणि वाचनालय तळमजल्यावरच हवं, गच्चीवर नको. घरातून शिवणकाम, डबे किंवा मासळीची विक्री करणाऱ्यांसाठी रस्त्यालगत छोटे गाळे मागा. लिफ्ट आणि पंपाचं वीजबिल कोण भरणार, दहा वर्षांनंतरही कोण भरणार, हे विचारा, कारण बंद पडलेली लिफ्ट म्हातारीला घरात कोंडते.

महापालिका किंवा सिडको विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करते, तेव्हा नगररचना कायद्यानुसार हरकती आणि सूचनांसाठी ठरावीक मुदत मिळते. मराठीत, हाताने लिहिलेला अर्जही चालतो. प्रत घ्या, पोच घ्या. नकाशा मिळत नसेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याचं उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं, म्हणून सही मागायला माणूस येण्याची वाट न पाहता हा अर्ज याच आठवड्यात टाका.

नवी मुंबईतल्या वास्तुविशारदांनाही माझं सांगणं आहे. बिल्डरचं काम तुम्ही करता, त्यात गैर काही नाही. पण महिन्यातून एक रविवार रबाळ्यात घालवा. नकाशावरच्या रेघा लोकांना वाचता येत नाहीत, त्या तुम्ही वाचून दाखवा. विभागातल्या वास्तुकला महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना मोजमापासाठी परदेशी संग्रहालयांच्या नकाशांवर बसवण्याऐवजी एक सत्र आंबेडकरनगरात पाठवावं. नवी मुंबई महानगरपालिकेने मसुदे संकेतस्थळावर टाकून थांबू नये. मोठ्या मापात, मराठीत, विभाग कार्यालयाबाहेर आणि तलावाजवळ ते लावावेत, म्हणजे फिरायला आलेला माणूसही उभा राहून आपलं घर शोधेल.

ज्यांनी संमतीपत्र आधीच दिलंय त्यांनी हातपाय गाळू नयेत. संमतीपत्रानंतर करारनामा होतो, त्याआधी मांडणीत बदल मागता येतात. तुमच्या मागण्यांचा कागद आणि वस्तीचा नकाशा करारनाम्याला परिशिष्ट म्हणून जोडा, प्रत्येक पानावर विकासकाची सही घ्या, आणि परिशिष्ट जोडलेलं आहे हे पाहूनच नोंदणीला जा. करारनामा वाचून दाखवायला एखादा ओळखीचा वकील आणि मोजपट्टी घेऊन एखादा वास्तुविशारद सोबत असू द्या.