आईबापांचे मन सावरल्याशिवाय मूल सावरत नाही

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत धरणीकंप झाला आणि सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. किती घरे पडली व किती बांधली, याचा हिशेब सरकारदरबारी आहे. परंतु ज्या बापाने स्वतःच्या हातांनी ढिगारा उपसला, ज्या आईची झोप कायमची उडाली, त्यांच्या मनाचे काय झाले आणि त्यांच्या सावलीत वाढणाऱ्या मुलांवर त्याचा काय परिणाम झाला, हे कोणत्या पंचनाम्यात लिहिले जाते?

हा प्रश्न केवळ कळवळ्याचा नाही, शास्त्राचा आहे. फेब्रुवारी १९८३ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात वणव्याने मोठा संहार केला. मानसोपचारतज्ज्ञ अलेक्झांडर मॅकफार्लेन यांनी तेथील शाळकरी मुलांची दोन वर्षांहून अधिक काळ पाहणी केली. मुलाने वणवा किती जवळून पाहिला यापेक्षा, त्याची आई त्या प्रसंगातून कितपत सावरली, यावरूनच मुलाच्या पुढील त्रासाचा अंदाज अधिक बरोबर येतो, असे त्यांना आढळले. यात नवल ते काय? धोका टळला की नाही, हे मूल आईबापांच्या मुद्रेवरून ओळखते. आई क्षणोक्षणी दचकत असेल, बाप दारूत दुःख बुडवीत असेल, तर धरणी शांत झाली हे त्या मुलाला कोणी सांगावे?

मात्र आईबापांचे मन केवळ धरणीच्या हादऱ्याने मोडत नाही, अवहेलनेनेही मोडते. किल्लारी परिसराच्या पुनर्वसनात घराचे आकारमान जमीनधारणेवर ठरले. सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५० चौरस फूट आणि भूमिहीनास २५० चौरस फूट! ज्यांना जातिव्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या जमीन मिळू दिली नाही, त्यांच्या वाट्यास संकटातही लहान घर आले. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दलितांना मदतीतही भेदभाव सोसावा लागला. बापाचा असा अपमान पाहणारे मूल त्यातून कोणता धडा घेईल?

त्यातच दैववादाची भर पडते. १९३४ च्या बिहार भूकंपास गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा म्हटले; रवींद्रनाथ टागोरांनी त्यास जाहीर विरोध केला. संकट म्हणजे पापाचे फळ, ही समजूत आईबापांच्या दुःखावर अपराधाचे ओझे लादते आणि तेच ओझे मुलाच्या खांद्यावर उतरते. १९५६ साली नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या धम्माने आपणांस या ओझ्यातून मुक्त केले आहे. पटाचारेचे पती, मुले व माहेर नाहीसे झाले आणि ती भ्रमिष्ट झाली. लोकांनी तिला हाकलले. तथागतांनी मात्र तिला जवळ येऊ दिले व भानावर आणले. पुढे तीच शोकग्रस्त स्त्रियांचा आधार झाली.

करुणेबरोबर हक्कही हवा. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चे कलम ६१ मदतकार्यात जात, धर्म, लिंग यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चे कलम १८ प्रत्येकास सरकारी मानसिक उपचाराचा हक्क देते. तेव्हा छावणीत धान्य व औषधे येतात त्याच दिवशी मनाचा वैद्यही आला पाहिजे. मुलाला तपासताना त्याच्या आईबापांचीही विचारपूस झाली पाहिजे. आणि पहिल्या महिन्यानंतर हे काम थांबता कामा नये. आमच्या विहारांनी व महिला मंडळांनी अशा घरी जाऊन बसावे, ऐकावे आणि गरज दिसताच त्यांना वैद्याकडे न्यावे.

भिंती सरकार बांधू शकेल. परंतु ज्या घरात आईबाप ताठ मानेने व शांत मनाने उभे आहेत, त्याच घरात मूल निर्भय होईल. ती निर्भयता मिळवून देणे हे आपले कर्तव्य आहे.