‘दिल्ली’चा बुरूज ऑकलंडला

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे, डेव्हनपोर्टच्या नौदल तळाच्या प्रवेशद्वाराशी, एका जुन्या युद्धनौकेचा तोफांचा बुरूज मांडून ठेवलेला आहे. तो ‘अकिलीज’ या क्रूझरचा म्हणून तेथे मानाने जपला जातो. मात्र ही नौका आयुष्यातील अखेरची तीस वर्षे भारतीय तिरंग्याखाली वावरली, तिचे नाव ‘आय.एन.एस. दिल्ली’ होते आणि हा बुरूज भारतानेच न्यूझीलंडला भेट दिला, हे आपल्याकडील किती सुशिक्षितांना ठाऊक आहे?

इंग्लंडमधील बर्कनहेडच्या गोदीत 1932 साली या नौकेचे जलावतरण झाले. तिला ‘हलकी’ क्रूझर म्हणत, ते वजनावरून नव्हे. 1930 च्या लंडन नौदल कराराने क्रूझरची वर्गवारी तोफांच्या व्यासावरून ठरवली. सहा इंची तोफांची ती हलकी आणि आठ इंची तोफांची ती जड. सुमारे सात हजार टनांची ही नौका साडेबत्तीस नॉट वेगाने धावे. चार बुरुजांत मिळून आठ तोफा होत्या, पण बुरुजांचे कवच अवघे एक इंच जाडीचे. दूरवरच्या व्यापारी मार्गांवर दीर्घकाळ गस्त घालावी, असा तिच्या रचनेमागील हेतू होता. बलाढ्य शत्रूशी समोरासमोर भिडणे तिच्याकडून अपेक्षितच नव्हते.

तरीही 13 डिसेंबर 1939 रोजी दक्षिण अमेरिकेतील प्लेट नदीच्या मुखासमोर ती ‘एक्झेटर’ आणि ‘एजॅक्स’ यांच्यासह जर्मन ‘ग्राफ श्पे’शी भिडली. त्या जहाजावर अकरा इंची तोफा होत्या. ‘अकिलीज’वरील चौघे धारातीर्थी पडले आणि कप्तान एडवर्ड पॅरी तोफगोळ्याच्या ठिकऱ्यांनी जखमी झाले, पण लढाई थांबली नाही. चार दिवसांनी ‘ग्राफ श्पे’ला तिच्याच कप्तानाने जलसमाधी दिली. पुढे 1943 मध्ये ग्वाडलकॅनालजवळ जपानी बाँबने ‘अकिलीज’चा एक बुरूज उद्ध्वस्त केला. दुरुस्तीत तो काढून टाकण्यात आला. त्यामुळे 1948 साली भारताच्या हाती आली ती सहा तोफांची, युद्धाचे व्रण अंगावर वागवणारी नौका.

योगायोग असा की, त्याच वर्षी भारतीय नौदलाची धुरा व्हाइस ॲडमिरल पॅरी यांच्याकडे आली. प्लेटच्या लढाईत जिच्या पुलावर ते उभे होते, तीच नौका आता त्यांच्या नव्या आरमाराचा मुख्य आधार होती. तिच्यावर दुय्यम अधिकारी म्हणून काम केलेले रामदास कटारी 1958 साली पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. परक्याने वापरून सोडलेले जहाज म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. पण स्वतंत्र देशाच्या खलाशांना मोठी युद्धनौका चालवण्याचे, तोफा डागण्याचे आणि ताफा सांभाळण्याचे धडे जेथे मिळाले, ती पाठशाळा हीच होय. (1956 च्या प्लेट लढाईवरील इंग्रजी चित्रपटात ‘अकिलीज’ची भूमिका खुद्द ‘दिल्ली’नेच केली आहे.)

डिसेंबर 1961 मध्ये या पाठशाळेची परीक्षा झाली. रिअर ॲडमिरल भास्करराव सोमण तेव्हा ताफ्याचे अधिपती होते. गोमंतकाच्या किनाऱ्यावर अंजदीव बेटाच्या मोहिमेवर ‘म्हैसूर’ ही दुसरी क्रूझर गेली, तर ‘दिल्ली’ने दीवसमोर उभे राहून पोर्तुगीजांच्या ठाण्यांवर तोफा डागल्या. साम्राज्याचे व्यापारी मार्ग राखण्यासाठी बांधलेल्या जहाजाने साडेचार शतकांची एक वसाहत संपवण्यास हातभार लावला! इतिहासाचा हा न्याय शाळेतल्या मुलांना कोणी सांगत नाही.

30 जून 1978 रोजी ‘दिल्ली’ निवृत्त झाली आणि मुंबईत मोडीत निघाली. पैशाची चणचण होती, हे मान्य. परंतु 2014 साली ‘विक्रांत’ही त्याच वाटेने गेली. मुंबईत ती अनेक वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती, तरीही शासनाला ती सांभाळता आली नाही. पुढे तिच्या पोलादाच्या मोटारसायकली निघाल्या आणि त्या विकत घेण्यालाच लोक देशभक्ती समजले.

जतन आपल्याला जमतच नाही असेही नाही. विशाखापट्टणमला ‘कुरसुरा’ पाणबुडी 2002 पासून लोक रांगा लावून पाहतात. ज्या दीवसमोर ‘दिल्ली’च्या तोफा धडाडल्या, तेथेच 2022 साली निवृत्त ‘खुकरी’ संग्रहालयासाठी सोपवण्यात आली. फरक पडतो तो निर्णयाच्या वेळेमुळे. जहाज निवृत्त झाल्यावर विचार सुरू झाला की गंज पुढे धावतो आणि निविदा मागे राहतात.

माझगाव गोदीने बांधलेली आणि 1997 साली नौदलात दाखल झालेली नवी ‘दिल्ली’ विनाशिका आज सेवेच्या तीन दशकांकडे झुकली आहे. ती कोणत्या बंदरात, कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या देखरेखीखाली ठेवायची, हे ती पाण्यावर चालती असतानाच संरक्षण मंत्रालयाने आणि महाराष्ट्र शासनाने लेखी ठरवावे.