हा आलेखाचा प्रांत नव्हे!

"आलेखावरून डोमेन काढा. (१ गुण)"

मंडळी, अकरावीत हे आपण सगळ्यांनीच केलंय. पट्टी उभी धरायची, डावीकडून उजवीकडे सरकवायची, जिथे ती आलेखाला शिवेल तो क्ष डोमेनमध्ये. भरीव टिंब असेल तर चौकोनी कंस, पोकळ असेल तर गोल, बाण असेल तर अनंत. झालं, गुण खिशात! माझा राग नेमका यावरच आहे. इतका कामाचा प्रश्न आपण कंसांच्या पाठांतरात बुडवून टाकलाय.

पुस्तकातली टिंबं आणि बाण पेपर काढणाऱ्याच्या कृपेने असतात. बाहेरच्या आलेखांना ती नसतात. 'क्ष वर्ग वजा १' ला 'क्ष वजा १' ने भागा आणि एक्सेलमध्ये आलेख काढा. छान सरळ रेघ येईल. १ पाशी भोक आहे (शून्याने भागताय राव!), पण एका बिंदूचं भोक स्क्रीनवर दिसणार कसं?

बरं, भोकाचं सोडा. टोकांचं काय? रेघ चौकटीच्या कडेला पोचली म्हणजे फंक्शन पुढे चालू आहे, की पुढचं कुणी मोजलंच नाही? एक्सेलच्या ट्रेंडलाइनला 'फोरकास्ट'ची सोय आहे. आकडा टाका, रेघ बिनबोभाट पुढे सरकते. ५०० युजर्सपर्यंतच्या लोड टेस्टची रेघ ५००० पर्यंत ओढलेली स्लाइड तुम्हीही पाहिली असेल. रंग तोच, जाडी तीच, आणि मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात.

२७ जानेवारी १९८६ च्या रात्री मात्र काही इंजिनिअर्सनी मान डोलावली नव्हती. दुसऱ्या दिवशी फ्लोरिडातून चॅलेंजर यान उडणार होतं आणि थंडी कडाक्याची. बूस्टरचे सांधे बंद ठेवणारी रबरी ओ-रिंग थंडीत कडक होते. आधीच्या उड्डाणांत सांध्यांचं तापमान ५३ ते ८१ अंश फॅरनहाइट होतं, त्याखालचा एकही बिंदू नाही. मॉर्टन थायकॉलचे रॉजर बॉइजोली आणि सहकारी म्हणाले, ५३ च्या खाली उडवू नका. म्हणजे आपल्या भाषेत, हा आमच्या आलेखाचा प्रांत नव्हे. नासावाल्यांना ते रुचलं नाही. ७५ अंशांनाही सांध्यातून वायू निसटला होता, मग थंडीचा काय संबंध, असा वाद रंगला. अहो, पण हा वाद वक्राच्या उताराचा झाला. ५३ च्या खाली वक्रच नव्हता! शेवटी थायकॉलच्या साहेबांनी सल्ला फिरवला. उड्डाणाच्या वेळी हवेचं तापमान होतं ३६. ७३ सेकंदांनी यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले.

काटेकोर गणितवाले म्हणतील, फंक्शनचं डोमेन वेगळं आणि डेटाची हद्द वेगळी. मान्य. पण हातात फक्त चित्र असेल तर पहिलं तुम्हाला ठाऊकच नसतं, बोलायचा अधिकार दुसऱ्यापुरताच. आणि नेमकं हेच त्या एक गुणाच्या प्रश्नात कुणी शिकवत नाही. स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी सांगितलं तर सांगितलं, तेही वेगळ्या पेपरला.

तेव्हा पेपर काढणाऱ्यांनो, एकदा टोकांना ना टिंब ना बाण असा आलेख देऊन बघा. आणि "चित्रावरून सांगता येत नाही" असं लिहिणाऱ्या पोरालाच तो एक गुण द्या.