संगणकाचे आयुष्य कोणी ठरवायचे?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टीमचा सर्वसाधारण आधार थांबविला. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही. कार्यालयांत पत्रे टंकलिखित होत राहिली, शाळांच्या प्रयोगशाळांत मुले चित्रे रंगवीत राहिली आणि म्हणूनच या घटनेची जेवढी दखल घेतली जायला हवी होती, तेवढी ती घेतली गेली नाही. सुरक्षाविषयक दुरुस्त्या येणे थांबले तरी यंत्र चालूच राहते. मात्र भिंतीत नवी भेग सापडली, तर ती बुजवायला गवंडी येत नाही. घरगुती ग्राहकांना देऊ केलेली वर्षभराची मुदतवाढही १३ ऑक्टोबर २०२६ रोजी संपते आहे. गोव्यातील शाळा, पंचायती, पतसंस्था आणि छोटे छापखाने यांनी त्याआधी काही ठरविले नाही, तर तो निर्णय परस्पर, त्यांच्या वतीने झालेला असेल.

कोणती ऑपरेटिंग सिस्टीम श्रेष्ठ, हा वाद घरगुती संगणकाइतकाच जुना आहे. विंडोजचे समर्थक सवयीचा आणि उपलब्ध प्रोग्रॅमच्या विपुलतेचा दाखला देतात, मॅकचे चाहते नीटनेटकेपणाचा आणि लिनक्सचे पुरस्कर्ते स्वातंत्र्याचा. धेंपो आणि साळगावकर यांच्या समर्थकांनी सामन्याच्या सायंकाळी घालावा, तसा हा वाद घातला जातो. त्यात रंगत असते, पण सार्वजनिक पैशातून यंत्रे घेणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नसतो. कारण ही तुलना खरेदीच्या दिवसाची असते. शाळेतल्या संगणकाची खरी परीक्षा मात्र सातव्या-आठव्या वर्षी सुरू होते.

दहा वर्षे आणि एक चिप

मायक्रोसॉफ्टवर सरसकट दोषारोप करणे न्यायाचे होणार नाही. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आले आणि दहा वर्षांहून अधिक काळ त्याला दुरुस्त्या मिळाल्या. आधार कधी संपणार, हेही कंपनीने फार आधी जाहीर केले होते. तक्रार आहे ती पुढच्या पायरीविषयी. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ‘विंडोज ११’साठी कंपनीने टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आवश्यक ठरविली आणि इंटेलचे साधारणपणे आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर ग्राह्य धरले. संगणकाच्या गुप्त किल्ल्या सॉफ्टवेअरपासून वेगळ्या, चिपमध्ये ठेवल्या तर त्या चोरणे अवघड होते, हा त्यामागचा विचार खोटा नाही. परंतु परिणाम असा, की २०१६ किंवा २०१७ मध्ये घेतलेली, आजही ठणठणीत चालणारी असंख्य यंत्रे एका अटीसरशी अपात्र ठरली. ती बिघडली म्हणून नव्हे, तर यादीत नाहीत म्हणून.

मुदतवाढीचे दरपत्रकही बोलके आहे. व्यावसायिक संस्थांना पहिल्या वर्षासाठी प्रतियंत्र ६१ डॉलर मोजावे लागतात. ही रक्कम दरवर्षी दुप्पट होते, म्हणजे तीन वर्षांचे ४२७ डॉलर. शैक्षणिक संस्थांसाठी हाच दर पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार डॉलर आहे. तीन वर्षांचे अवघे सात डॉलर. शाळांसाठी ही सवलत खरोखरच मोठी आहे आणि ज्यांना तातडीने दुसरे काही शक्य नाही, त्यांनी ती जरूर घ्यावी. मात्र तिने मिळतो तो वेळ. तो वेळ नुसता बसून घालविला, तर तीन वर्षांनी शाळा पुन्हा त्याच उंबरठ्यावर उभी असेल.

दुरुस्त्यांविना राहण्याचा धोका किती खरा आहे, हे मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने दाखवून दिले. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील रुग्णालयांना तेव्हा रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. त्या हल्ल्यातील बोचणारा तपशील असा, की ज्या भेगेतून तो शिरला, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. बाधित यंत्रांपैकी बहुतेक ‘विंडोज ७’वर चालत होती, म्हणजे त्यांना आधार होता, पण दुरुस्ती बसविलेली नव्हती. निर्मात्याचा आधार ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी वापरणाऱ्याच्या शिस्तीची आहे. कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम घेतली, तरी हे दुसरे ओझे उतरत नाही.

कायनेक्टची कथा

याच प्रश्नाचे एक वेगळे आणि अधिक रंजक उदाहरण खेळांच्या दुनियेत सापडते. निन्टेन्डोच्या ‘वी’ने २००६ मध्ये हातवाऱ्यांनी खेळण्याची कल्पना घराघरांत नेली आणि पुढे दहा कोटींहून अधिक यंत्रे विकली. सोनीने २०१० मध्ये ‘मूव्ह’ आणले. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला मायक्रोसॉफ्टचे ‘कायनेक्ट’ अमेरिकेत बाजारात आले. हातात काहीही न धरता, केवळ शरीराच्या हालचालींनी खेळायचे! पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग विकले गेले.

त्या वेळचा वाद आज वाचताना गंमत वाटते. समर्थकांच्या मते आजी आणि नात एकत्र खेळू शकतील, असे साधन प्रथमच आले होते. विरोधक म्हणत, की हालचाल आणि पडद्यावरची कृती यांत क्षणभराचे अंतर पडते, बटणाची अचूकता हवेतल्या हाताला येत नाही आणि पडद्यापासून सहा-आठ फूट मोकळी जागा किती घरांत असते? दोन्ही बाजूंत तथ्य होते. पण कायनेक्टचे भवितव्य या वादाने ठरलेच नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स वन’बरोबर ते सक्तीने जोडून दिले आणि किंमत ४९९ डॉलर ठेवली. सोनीचे प्रतिस्पर्धी यंत्र ३९९ डॉलरला मिळत होते. दुसऱ्याच वर्षी सक्ती मागे घ्यावी लागली. २०१७ मध्ये उत्पादनच थांबले.

या कथेचा उपयोगी भाग मात्र दुसराच आहे. कायनेक्ट बाजारात आले, त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या एडाफ्रूट या छोट्या कंपनीने ते साध्या संगणकाला जोडणारा मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. हेक्टर मार्टिन या स्पॅनिश तरुणाने लिनक्सवर ते काम अवघ्या काही दिवसांत करून दाखविले. मायक्रोसॉफ्टने प्रथम नाराजी दर्शविली, नंतर सूर बदलला आणि २०११ मध्ये स्वतःचे विकाससाधनही दिले. त्यानंतर यंत्रमानवशास्त्राच्या प्रयोगशाळांत, पुनर्वसनासाठीच्या व्यायामांत आणि वस्तूंचे त्रिमितीय आलेख काढण्याच्या कामात हे खेळणे वर्षानुवर्षे राबले. निर्मात्याने हात काढून घेतल्यावरही ते टिकले, कारण त्याच्याशी बोलण्याची भाषा एव्हाना सर्वांची झाली होती. कोणते साधन चांगले, यापेक्षा निर्माता निघून गेल्यावर ते कोणाच्या हाती उरते, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरला.

केरळ आणि म्युनिक

लिनक्सचा विचार याच दृष्टीने व्हायला हवा. ते अमर नाही. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीलाही नेहमीच्या दुरुस्त्या पाच वर्षेच मिळतात. परंतु पुढची आवृत्ती घेण्यासाठी परवान्याचे शुल्क लागत नाही आणि विशिष्ट चिप नाही म्हणून सहसा कोणी दारातून परत पाठवीत नाही. विंडोज ११ नाकारणारी बहुतेक यंत्रे लिनक्सवर आणखी काही वर्षे सुखाने चालू शकतात.

भारतात याचा सर्वांत मोठा दाखला केरळचा आहे. तेथील ‘आयटी अॅट स्कूल’ प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला आणि पुढे सरकारी शाळांचे संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले गेले. २०१७ पासून ‘काइट’ ही सरकारी कंपनी हे काम पाहते, शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती तयार करते आणि शिक्षकांना प्रशिक्षण देते. यशाचे रहस्य या शेवटच्या तीन शब्दांत आहे. पाठ्यपुस्तक, शिक्षक आणि यंत्र एकाच वेळी बदलले, म्हणून बदल रुजला.

उलट उदाहरण जर्मनीतील म्युनिकचे. त्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, दहा वर्षांत सुमारे १५ हजार संगणक बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. राज्यकर्ते बदलले, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी साचल्या, बाहेरून येणाऱ्या फायली नीट उघडेनात. तरीही त्याच देशातील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने २०२४ मध्ये ३० हजार कार्यालयीन संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेण्याची घोषणा केली, ती म्युनिकच्या चुका समोर ठेवून. तेथे आधी कार्यालयीन प्रोग्रॅम आणि ई-मेल बदलण्याचे काम हाती घेतले गेले. ऑपरेटिंग सिस्टीमची पाळी त्यानंतरची.

परावलंबनाची किंमत भारतानेही अलीकडेच पाहिली. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर गुजरातेतील वाडिनारची रिफायनरी चालविणाऱ्या नायरा एनर्जीच्या काही सेवा मायक्रोसॉफ्टने अचानक थांबविल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा पूर्ववत झाल्या. भारतीय कायद्याने कोणतीही मनाई केलेली नसताना हे घडू शकले, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

गोव्याने काय करावे

गोव्याला हा विषय नवा नाही. या शतकाच्या आरंभी एका स्वयंसेवी उपक्रमातून परदेशात वापरलेले संगणक आणून येथील शाळांत लिनक्सवर चालविले गेले होते. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना ‘सायबरेज’ योजनेतून विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचले. आता शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्सचे शिक्षण सुरू आहे. यंत्रे देण्यात हे राज्य कधी मागे राहिले नाही. दिलेली यंत्रे म्हातारी झाल्यावर त्यांचे काय, हा प्रश्न मात्र दरवेळी पुढच्या निविदेवर ढकलला गेला.

सरसकट लिनक्स हे उत्तर नाही. लेखापालांची ‘टॅली’ विंडोजवर चालते. डिजिटल स्वाक्षरीचे काही टोकन आणि जुने प्रिंटर लिनक्सवर त्रास देतात. मराठी-कोकणी कामकाजात तर आणखी एक जुने दुखणे आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलिखित झालेले ठराव, दाखले आणि पुस्तकांच्या फायली दुसऱ्या यंत्रावर उघडल्या, की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसतो. अनेक छापखाने केवळ यासाठी जुना संगणक जपून ठेवतात. ही कैद ऑपरेटिंग सिस्टीमची कमी आणि फाँटची अधिक आहे. ती युनिकोडमधील रूपांतरानेच सुटेल, आणि यंत्र बदलो न बदलो, ते काम करणे भागच आहे.

म्हणून यंत्रांची तीन गटांत वर्गवारी करावी. विंडोज ११ला पात्र असलेली यंत्रे तिकडे न्यावीत. ज्यांच्यावर लेखा, स्वाक्षरी किंवा जुन्या फाँटचे काम अडलेले आहे, त्यांच्यासाठी मुदतवाढ विकत घ्यावी आणि त्या काळात रूपांतर पुरे करावे. उरलेली, विशेषतः शाळांच्या प्रयोगशाळांतील अपात्र यंत्रे लिनक्सवर न्यावीत. तेथे अडचण सर्वांत कमी येईल, कारण स्क्रॅच आणि पायथन दोन्हीकडे सारखेच चालतात. ज्या मुलाला चौकोनांचा क्रम लावून पडद्यावरचे मांजर चालवायचे आहे, त्याला खालची ऑपरेटिंग सिस्टीम कोणती याच्याशी कर्तव्य नसते. अट एवढीच, की शिक्षकाला आधी शिकवावे आणि सत्तरीतील वा काणकोणातील शाळेत यंत्र अडले, तर दोन दिवसांत पोहोचणारा माणूस नेमावा. केरळने हे केले, म्हणून तेथे बदल टिकला.

यापुढच्या निविदांत दोन ओळी वाढविणेही अवघड नाही: यंत्राला सुरक्षा-दुरुस्त्या कोणत्या वर्षापर्यंत मिळतील आणि त्यावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसविता येईल काय. केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. त्यामुळे या अटी घालायला कोणाची परवानगी मागण्याचे कारण नाही.

अन्यथा घडेल ते ठरलेले आहे. काही प्रयोगशाळांत दुरुस्त्यांविना संगणक मुलांच्या हाती तसेच राहतील, आणि काही ठिकाणी धडधाकट यंत्रे भंगाराच्या टेम्पोत चढून त्यांच्या जागी नवी येतील. त्या नव्या यंत्रांचीही अखेरची तारीख कुठेतरी ठरेलच. ती शाळेला खरेदीच्या दिवशी माहीत असावी, एवढी तजवीज तरी आज करता येण्याजोगी आहे.