दोरी, कला आणि ‘थांब’ हा शब्द



जपानी दोरबंधनाचा विषय निघाला की आपल्या सुशिक्षित मंडळींतही ठराविक प्रतिक्रिया उमटतात. कोणी खसखस पिकवतं, कोणी “विकृती” म्हणतं, तर कोणी “अहो, ती कला आहे” म्हणून मोकळं होतं. माझा वाद जास्त करून या शेवटच्या मंडळींशी आहे.

कला आहे, हे खरंच. शिबारी म्हणजे साधं बांधणं, किनबाकू म्हणजे घट्ट बांधणं. त्याची मुळं होजोजुत्सु या कैद्यांना दोरीने जेरबंद करण्याच्या विद्येत सांगतात. इतो सेइउ (१८८२-१९६१) या चित्रकाराने काबुकी नाटकांतल्या छळाच्या प्रसंगांवरून स्फूर्ती घेऊन ते कामुक चित्रांत आणलं. पुढे नोबुयोशी अराकीने काढलेली, दोरीत बांधलेल्या स्त्रियांची छायाचित्रं जगभरच्या संग्रहालयांत लागली. आणि मग २०१८ मध्ये काओरि या नर्तकीने लिहिलं, की २००१ ते २०१६ अशी वर्षं ती अराकीची मॉडेल होती, पण लेखी करार कधी झालाच नाही आणि छायाचित्रांचं पुढे काय करणार हे तिला विचारलं जात नव्हतं. संग्रहालयातल्या रसिकांनाही हा प्रश्न पडला नव्हता!

याउलट, खाजगीत हे गांभीर्याने करणाऱ्यांची पद्धत पाहा. साधारण ६ मिलिमीटर जाडीची, सात-आठ मीटर लांब तागाची दोरी मधोमध दुमडून घेतात. पण त्याआधी बोलणं होतं. काय चालेल, काय नाही, कोणता शब्द उच्चारला की सगळं थांबवायचं. दंडाच्या बाहेरच्या बाजूने जाणारी रेडियल नर्व्ह दोरीखाली दाबली गेली, तर मनगट लुळं पडतं, कधीकधी काही महिने. म्हणून बोटं हलवून दाखवायला सांगतात, आणि मुंग्या आल्या की दोरी सोडायची, वेळ पडली तर कापायची. कात्री हाताशीच असते. (व्हिडिओ बघून टांगण्याचे प्रयोग मात्र कोणी करू नयेत.) मी पेशाने संशोधक आहे, प्रयोगशाळेतल्या सेफ्टी ट्रेनिंगमध्येही इतकी बारीक विचारपूस होत नाही.

राहिली विकृती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या आजारांच्या यादीत, परस्परसंमतीने केलेल्या अशा गोष्टी आजार म्हणून धरलेल्या नाहीत.

आता आपल्याकडे वळू, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांची लग्नं भारतातल्या कायद्याखाली लागली आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही, सज्ञान पत्नीवर पतीने केलेला बलात्कार त्या गुन्ह्याच्या व्याख्येबाहेरच ठेवला आहे. म्हणजे दोरीत बांधलेल्या अनोळखी बाईचा “थांब” तिथे मोजला जातो, मंगळसूत्र घातलेलीचा नाही. याला संस्कृती म्हणणारे आणि दोरीला विकृती म्हणणारे बरेचदा तेच असतात, आणि त्यातले काही आपल्याच पंगतीला बसतात.

मला स्वतःला दोरीचं आकर्षण नाही. कोणाला असावं असाही आग्रह नाही. पण पुढच्या बैठकीत संमती हा विषय घ्यावा, आणि त्या दिवशी पुरुषांनी आधी ऐकून घ्यावं, एवढी सूचना करतो.