जागा रिकामी ठेवण्याचा हट्ट

‘लक्ष्मणराव गेले, तिथंच वऱ्हाड संपलं.’ मराठवाड्यात नाटकाचा विषय निघाला की कुणीतरी हे म्हणतंच. म्हणणारा बहुधा साठीच्या पुढचा असतो. त्याने मूळ प्रयोग पाहिलेला असतो आणि पाहिल्याचं तेज अजून चेहऱ्यावर बाळगून असतो. मग समोरचा गप्प बसतो. हे गप्प बसणं आता पुरे झालं असं मला वाटतं, कारण या बोलण्यात आदर आहे तितकीच मक्तेदारीही आहे.

प्रा. लक्ष्मण देशपांडे आमच्या शहरातले, विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातले. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ त्यांनीच लिहिलं आणि त्यांनीच केलं. मराठवाड्यातल्या एका खेड्यातलं वऱ्हाड विमानाने लंडनला निघतं, एवढीच गोष्ट. पण रंगमंचावर माणूस एकच, हाताशी एक उपरणं, आणि ५२ पात्रं. तेच उपरणं एकदा डोक्यावर पदर व्हायचं, एकदा खांद्यावर पंचा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला हा प्रयोग त्यांनी देशात आणि परदेशांत हजारोंच्या गर्दीसमोर केला, गिनीज बुकात त्याची नोंद झाली, आणि कॅसेटने तो अशा घरांत नेला जिथं नाट्यगृहाची पायरी कुणी चढलं नव्हतं. फेब्रुवारी २००९ मध्ये लक्ष्मणराव गेले. पुढे माजलगावच्या संदीप पाठकने हेच ‘वऱ्हाड’ पुन्हा उभं केलं, दौरे केले, सातासमुद्रापार नेलं. आणि तेव्हापासून हा वाद धुमसतो आहे.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा आधी घेतो, कारण लटका पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यात मौज नाही. ते म्हणतात, ‘नटसम्राट’ डॉ. लागूंनंतर दत्ता भटांनी केलं, यशवंत दत्तांनी केलं, ते चाललं; कारण ते कुसुमाग्रजांनी लिहिलं होतं आणि लागू हे त्याचे एक नट होते. ‘तो मी नव्हेच’चा लखोबा पणशीकरांनंतर गिरीश ओकांनी उभा केला, तेही चाललं, शब्द अत्र्यांचे होते. ‘वऱ्हाड’चं तसं नाही. इथं लेखक, नट, निवेदक, नेपथ्य सगळं एकाच देहात. तो देह गेल्यावर उरलं काय?

उरली संहिता. एका प्राध्यापकाने, जो आयुष्यभर विद्यार्थ्यांना दुसऱ्याच्या संहितेत शिरायला शिकवत होता, त्याने आपली संहिता लिहून ठेवली, तिचं पुस्तक झालं. ज्याला आपल्याबरोबर सगळं संपवायचं असतं तो छापत नाही. शिवाय त्या ५२ पात्रांकडे नीट पाहा. त्यांत लक्ष्मणराव स्वतः किती? ती पात्रं गावाकडची माणसं आहेत: हट्टी म्हातारा, रुसलेली बाई, उगाच पुढे-पुढे करणारा पोरगा. ही माणसं लक्ष्मणरावांनी पाहिली, ऐकली आणि उचलली. ज्याने बीड-परभणीकडची बोली आईच्या दुधाबरोबर घेतली आहे, त्याला ही माणसं नव्याने भेटू शकतात. लक्ष्मणरावांची नक्कल करायची गरजच नाही. तेही कुणाची तरी नक्कलच करत होते, आणि ती मूळ माणसं अजून एस.टी.च्या मागच्या सीटवर बसून भांडत आहेत.

दूरदेशीचं एक उदाहरण इथं फार कामाचं आहे. कॅनडातल्या टोरंटोचा ‘रश’ हा रॉक बँड १९६८ सालचा. त्याचा ड्रमर नील पीअर्ट जानेवारी २०२० मध्ये वारला. साधा ड्रमर नव्हे. बँडची बहुतेक गाणीही त्यानेच लिहिलेली, म्हणजे आपल्या लक्ष्मणरावांसारखंच लिखाण आणि वादन एका माणसात. उरलेल्या दोघांनी, गेडी ली आणि ॲलेक्स लाइफसन यांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२६ साली पुन्हा दौऱ्यावर निघणार, आणि ड्रमवर असेल ॲनिका निलेस ही जर्मन वादक. जगभरच्या चाहत्यांत तेच सुरू झालं जे आमच्याकडे चहाच्या टपरीवर चालतं: नीलशिवाय रश नाही. पीअर्टच्या पत्नीने आणि मुलीने या दौऱ्याला जाहीर शुभेच्छा दिल्या, तरी चाहत्यांचं सुतक फिटेना. दुःख घरच्यांपेक्षा गर्दीलाच जास्त असतं, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. गंमत पुढेच आहे. नील पीअर्ट मुळात रशमध्ये नव्हताच! १९७४ सालच्या पहिल्या अल्बमवर ड्रम वाजवले आहेत जॉन रट्सीने. तो बाहेर पडला आणि त्याच्या जागी पीअर्ट आला. ज्याच्या नावाने आज ‘मूळ, मूळ’ असा आक्रोश चालू आहे, तो स्वतःच बदली होता.

आमच्या संगीत रंगभूमीचीही कुंडली याहून वेगळी नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं तेव्हा शकुंतला झाले होते शंकरराव मुजुमदार. भाऊराव कोल्हटकर नंतर बडोद्याहून आले आणि त्यांच्या गळ्याने असं वेड लावलं की लोक त्यांना लाडाने ‘भावड्या’ म्हणू लागले. मुजुमदारांची शकुंतला पार विसरली गेली. १८८५ मध्ये खुद्द अण्णासाहेब गेले, ‘रामराज्यवियोग’ अर्धंच राहिलं. कंपनी थांबली नाही. १९०१ मध्ये भाऊराव गेले. तेव्हाही ‘आता किर्लोस्कर मंडळीत राम उरला नाही’ म्हणणारे रसिक असणारच. ती जात काही विसाव्या शतकात जन्मलेली नाही. कंपनीने त्यांचं ऐकून तंबू गुंडाळला असता, तर १९०५ साली नारायण राजहंस नावाचा मुलगा शकुंतला होऊन उभा राहिला असता कुठल्या रंगमंचावर? बालगंधर्व ज्या उंबऱ्यातून आत आले तो उंबरा दोन मृत्यूंनंतरही कुणीतरी उघडा ठेवला होता. भाऊरावांच्या निष्ठावंतांचं चाललं असतं तर बालगंधर्वांचे निष्ठावंत जन्मालाच आले नसते.

दुसरा आक्षेप पैशाचा. ‘हे सगळं तिकीटविक्रीसाठी.’ अर्थातच तिकीटविक्रीसाठी! नाटक मंडळी काय, तमाशाचा फड काय, रॉक बँड काय, रोजच्या भाकरीचा प्रश्न कुणाला चुकला आहे? विठाबाई नारायणगावकर ज्या फडात वाढल्या तो भाऊ-बापूंचा होता. विठाबाई २००२ मध्ये गेल्या, पण पुढच्या पिढीने पायातले चाळ सोडले नाहीत. एका नावावर वादक, ट्रकवाले, तंबू ठोकणारे, आचारी अशी किती चुलाणी पेटतात याचा हिशेब रसिकाला ठेवावा लागत नाही, म्हणून त्याला शुद्धतेची चैन परवडते. पैसा मिळाला म्हणून काम खोटं ठरत नाही. काम खोटं आहे की नाही हे पडदा उघडल्यावर कळतं.

तिसरा म्हणतो, ‘कॅसेट आहे ना, व्हिडिओ आहे ना, ज्याला पाहायचं त्याने मूळच पाहावं.’ हा मुद्दा दिसायला सोज्वळ आणि आतून निर्दय आहे. कॅसेट म्हणजे लक्ष्मणरावांचा एका दिवसाचा आवाज. समोरच्या प्रेक्षकाने हसण्यात दोन क्षण जास्त घेतले तर नट थांबतो, कुणी मध्येच दाद दिली तर त्यावर एक वाक्य जास्तीचं फेकतो. कॅसेट थांबत नाही. ती पाठ करून आलेली मंडळी नाट्यगृहात नटाच्या अर्धा सेकंद आधी वाक्य पुटपुटतात आणि त्याने एक शब्द बदलला की शेजाऱ्याला कोपराने ढोसतात. ही माणसं प्रयोग पाहायला येतात की उत्तरपत्रिका तपासायला, हे मला आजवर कळलेलं नाही.

थांबण्याला माझा विरोध नाही, हेही सांगायला हवं. लेड झेपलिनचा ड्रमर जॉन बॉनम सप्टेंबर १९८० मध्ये वारला आणि डिसेंबरात उरलेल्या तिघांनी बँड मोडल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट गेला होता. त्यांनी ब्रायन जॉन्सनला घेतलं आणि जुलैत ‘बॅक इन ब्लॅक’ बाजारात आणला, जो जगात सर्वाधिक विकल्या गेलेल्या अल्बमांमध्ये गणला जातो. दोघांनीही बरोबर केलं. थांबायचं की चालायचं हे ठरवायचा हक्क सोबत काम केलेल्यांचा आणि वारसांचा. कायदाही तेच म्हणतो: लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनाचे हक्क वारसांकडे असतात. तिकीट काढलेल्या माणसाला मत आहे, नकाराधिकार नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींचाही समाचार घेतला पाहिजे, कारण त्यांचा उपद्रव कमी नाही. ही मंडळी म्हणतात, ‘नाव मोठं आहे, कुणालाही उभा करा, हॉल भरतो.’ वाळूज एमआयडीसीत लाईनवर रिलीव्हर आल्याशिवाय माणसाला जागा सोडता येत नाही, आणि आलेला रिलीव्हर तेच काम तसंच करणार हे गृहीत असतं. कारखान्यात ते योग्यच. रंगमंचावर नेमका याच हिशेबाने घात होतो. तिथं आलेल्या माणसाने तेच काम ‘तसंच’ केलं की ते मेलं. विजय चव्हाणांची ‘मोरूची मावशी’ पुढे भरत जाधवने केली. त्याने विजय चव्हाणांच्या लकबी मोजून-मापून उचलल्या असत्या तर लोकांना भरतही दिसला नसता आणि मावशीही. संदीप पाठकच्या ‘वऱ्हाड’मध्ये मला जे पटतं ते हेच. त्याचं शरीर वेगळं आहे, चपळाई वेगळी आहे, आवाजाची जात वेगळी आहे, आणि तो ते लपवत नाही. जिथं लक्ष्मणराव शब्दावर रेंगाळायचे तिथं हा अंगाने पुढे निघून जातो. काही जागा त्यामुळे हुकतात, हे खरं. काही नव्याने लागतात, हेही तितकंच खरं.

पाटीचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. फ्रेडी मर्क्युरी १९९१ मध्ये गेल्यावर बऱ्याच वर्षांनी क्वीनचे उरलेले वादक ॲडम लँबर्टला घेऊन दौऱ्यावर निघाले, तेव्हा जाहिरातीवर लिहिलं ‘क्वीन + ॲडम लँबर्ट’. त्या अधिकच्या चिन्हात सगळा प्रामाणिकपणा आहे: जुना माणूस गेला आहे, नवा आला आहे, आणि आम्ही एकाला दुसऱ्याच्या नावाखाली खपवत नाही. ज्या जाहिरातीत गेलेल्याचा फोटो मोठा आणि येणाऱ्याचं नाव कोपऱ्यात बारीक असतं, ती प्रेक्षकांना फसवते आणि नटालाही लाजवते.

आणि ज्यांना जिवंत बदली माणूसच नको आहे, त्यांनी पुढचं संकट पाहून ठेवावं. ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटात ए. आर. रहमानने बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राकरवी पुन्हा उभे केले. वारसांची परवानगी घेतली, मोबदला दिला. व्यवहारात खोट नाही. पण मला तो मार्ग नको वाटतो. यंत्रातला आवाज चुकत नाही, घाबरत नाही, त्याला पहिल्या प्रयोगाच्या रात्री घाम फुटत नाही. उद्या लक्ष्मणरावांची प्रकाशाची बाहुली रंगमंचावर आणून ५२ पात्रं हुबेहूब करवून घेता येतील. ‘मूळच हवं’ म्हणणाऱ्यांची मागणी त्या दिवशी शब्दशः पूर्ण होईल. त्यापेक्षा माजलगावचा एक माणूस तीन तास घाम गाळतो आणि एखादं वाक्य चुकतो, हे मला लक्ष लक्ष पटींनी मान्य आहे.

वाळूजकरांना तरी मूळ आणि दुसरं हा वाद अवघड जाऊ नये. नगर रस्त्यावरचं आमचं छोटं पंढरपूर भीमेकाठी नाही. तरी आषाढीला तिथं पाय ठेवायला जागा नसते. ज्याची सुट्टी मंजूर झाली नाही तो शिफ्ट सुटल्यावर चालत जातो आणि कळसाला हात जोडतो. सप्ताहात वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, खाली टेकत नाही. आधीचा पहारेकरी जास्त चांगला होता म्हणून नव्याला कुणी वीणा नाकारत नाही.

मग ‘वऱ्हाड’ची वीणा कुणी अडवावी? १९८५ साली बजाजचा कारखाना इथं आला आणि जालना, परभणी, हिंगोली, बुलढाणा अशी सगळीकडची माणसं पेटी-वळकटी घेऊन बजाजनगरात, रांजणगावात उतरली. लक्ष्मणरावांचं वऱ्हाड लंडनला निघालं तसंच यांचं वाळूजला निघालेलं. त्यांची मुलं आता त्याच लाईनवर उभी आहेत. ‘काका, तुम्ही पाह्यलं म्हणून आमी पाहूच नाही का?’ असं त्यांतल्या एकाने विचारलं, तर साठीच्या पुढच्या रसिकांकडे याचं उत्तर काय आहे? ‘तू उशिरा जन्मलास’ हे काही उत्तर नव्हे.

राहता राहिला व्यवहाराचा भाग, आणि तिथं आयोजकांनी सुधारायला हवं. आम्हाला नाटक पाहायचं तर शहरात एकनाथ नाहीतर तुकाराम नाट्यगृह गाठावं लागतं. रात्री साडेनऊचा प्रयोग सेकंड शिफ्टवाल्याच्या वाट्याला कधीच येत नाही, आणि फर्स्ट शिफ्टवाल्याला पहाटे उठायचं असतं. ५२ पात्रांचा सगळा संसार एका उपरण्यात मावतो. त्याला ना फिरता रंगमंच लागतो, ना ट्रकभर नेपथ्य. रविवारी दुपारी बजाजनगरातल्या एखाद्या शाळेच्या मैदानावर मांडव टाका, ध्वनियंत्रणा तेवढी धड आणा, तिकीट दोन वेळच्या चहा-नाश्त्याइतकं ठेवा, आणि फलकावर संदीप पाठकचं नाव ठळक छापा.